सुपारीला आधी सावली लागते



‘निसर्ग आपला गुरू’ हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. मुंगीकडून कष्ट शिका, झाडाकडून देणं शिका, नदीकडून सतत वाहत राहणं शिका. सगळे गुण कामाचेच! थांबणं, पानं गाळणं, जमीन पडीक ठेवणं, वाट बघणं हे त्या निबंधात कुठेच येत नाही. माझं मत असं, की मुलांचं मन निरोगी राहायला आणि दुखावलेलं मन बरं व्हायला निसर्गाचा हाच भाग जास्त उपयोगी आहे. तो बघायला आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर फार लांबही जावं लागत नाही.

कोणत्याही कोळीवाड्यात जूनमध्ये जाऊन बघा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. पण माणसं हातावर हात ठेवून बसलेली नसतात. जाळी दुरुस्त होतात, इंजिनं उघडली जातात, रंगकामाचा हिशोब मांडला जातो. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवलेला जवळा, सुकट, बोंबील डब्यांत भरलेले असतात, त्यावर घर चालतं. म्हणजे विश्रांतीची तयारी आधीपासून करावी लागते! अर्थात यात फार गोड चित्र रंगवायला नको. या दोन महिन्यांत हातात पैसा नसतो, उधारी वाढते, आणि वह्या-दप्तराचा खर्च नेमका तेव्हाच येतो. तरीही ‘आता बंद’ हे सगळ्या गावाने मिळून मान्य केलेलं असतं. बसलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही. आपल्या मुलांच्या वर्षात असे किती दिवस आहेत? मे महिन्यातसुद्धा आपण त्यांना शिबिरात घालतो.

आयुर्वेदात याचा बारकाईने विचार झालेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातली ऋतुसंधीची कल्पना मला शिक्षक म्हणून फार आवडते. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस हा संधिकाळ. या दिवसांत जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या, नव्या हळूहळू धरायच्या. एकदम बदल केला तर शरीर बिघडतं. वैद्यकाची चर्चा वैद्यांवर सोडू या. पण १५ जूनच्या सुमारास पहिलीत आलेलं मूल डोळ्यांपुढे आणा. कालपर्यंत वाडीत करवंदं तोडत फिरणारं पोर आज पाच-सहा तास वर्गात. त्यालाही संधिकाळ लागतोच ना?

आता जरा अवघड विषयाकडे येते. ऋतू नेहमी मायाळू नसतात, हे आपल्याला सांगायला नको. ३ जून २०२० रोजी ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचं चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर येऊन धडकलं. त्याचं नाव काय, तर ‘निसर्ग’! (हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं.) श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली झाडं नातवंडांच्या डोळ्यांदेखत पडली. त्यात कोरोनामुळे शाळा मार्चपासूनच बंद.

त्यानंतर वाडीवाल्यांनी जे केलं, ते मला आजही महत्त्वाचं वाटतं. पडलेली झाडं कापून, ओढून वाडी मोकळी करण्यातच कित्येक महिने गेले. मग नवी रोपं. सुपारीला फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात, त्यात घाई चालत नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे कोवळ्या पोफळीला कडक ऊन सोसत नाही. जुनी उंच झाडं असली की त्यांच्या सावलीत रोप वाढतं. पण तीच पडलेली. म्हणून केळी लावायच्या. केळ भरभर वाढते, सावली देते, वर घडही देते. पोफळ उन्हाला तयार झाली की केळीचं काम संपतं.

वादळ आणि टाळेबंदी दोन्ही सोसलेली आपली मुलं शाळेत परत आली, तेव्हा आपण काय केलं? ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग भरायला २०२१चा डिसेंबर उजाडला. त्याआधी जुलैत ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. त्यामागचा हेतू चांगला होता. पण त्यात राहून गेलेलं मोजायचं होतं भाषेचं आणि गणिताचं. कुणाचं छप्पर उडालं, कुणाचे आजोबा गेले, कोण दीड वर्ष घरात कुणाशी बोललंच नाही, याला रकाना नव्हता. आपण रोपं थेट उन्हात लावली, असं माझं स्पष्ट मत आहे. आजही एखादं मूल घरातल्या मृत्यूनंतर शाळेत येतं, तेव्हा ‘किती अभ्यास बुडला’ हाच आपला पहिला प्रश्न असतो. सावली म्हणजे फार काही नाही हो. त्याला आठवडाभर आवडीच्या मित्राशेजारी बसू द्यावं, झाडांना पाणी घालण्यासारखं हाताला काम द्यावं, न बोलण्याची मुभा द्यावी.

इथे एक सावधगिरी हवी. दुःखातल्या मुलाला ‘पावसाळ्यानंतर हिवाळा येतोच बाळा’ असं सांगू नका. ऋतू परत येतो, गेलेला माणूस येत नाही, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. आणि मूल आठवडेच्या आठवडे जेवत नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल, तर निसर्गाच्या भरवशावर राहायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक शाळेच्या फळ्याशेजारी लिहून ठेवा.

बाकी वर्षाच्या आखणीत आपण खूप काही करू शकतो. कोकणात जुलै म्हणजे लावणी, भरलेले ओढे, ताप आणि ओले गणवेश. हजेरी सगळ्यात कमी याच दिवसांत, आणि पायाभूत चाचणीही साधारण याच दिवसांत येते! माझ्या मते हे दिवस गोष्टी, गप्पा, पाढे आणि उजळणीचे. नवं आणि कठीण नोव्हेंबरनंतर घ्यावं. भात कापल्यावर त्याच रानात वाल पेरतात, तो जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर पिकतो, आणि जानेवारीत त्याच्याच शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून आपण पोपटी लावतो. पावसाळ्यात मुरलेलं हिवाळ्यात कामाला येतं, हे मुलांना पोपटी खाताना सांगितलं की लगेच पटतं.

‘पण आता ऋतूच कुठे वेळेवर येतात?’ असं एका पालकांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात पाऊस, आंब्याचा मोहोर पुढेमागे, मासळी कमी. म्हणून तर मुलांना पंचांगातला ऋतू पाठ करून घेण्यापेक्षा खरा ऋतू बघायला लावायचा. माझ्या वर्गात ऋतूंची वही आहे. दर पंधरा दिवसांनी दोन ओळी लिहायच्या. एक बाहेर काय बदललं ते, एक आपल्याला कसं वाटतंय ते. तपासायची नाही, फक्त वाचायची, शुद्धलेखनही नाही. कोळीवाड्यातल्या एका मुलीने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, ‘बोटी गेल्या. बाबा पण गेले. घर मोठं झालं.’ मी त्या दिवशी तिला काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत वर्गातल्या कुंड्यांना पाणी घालायला तिला सोबत घेतलं.