तालुक्याचा वकील

ऑफिसात जेवायच्या टेबलावर गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला की हमखास दोन सल्ले मिळतात. पहिला, "पुण्यातला एखादा टॉपचा वकील पकड, गावातले सगळे एकमेकांना सामील असतात." दुसरा जरा अलीकडचा, "सातबारा ऑनलाइन, कायदा ऑनलाइन, चॅटबॉटला विचार की. वकील कशाला पाहिजे?" हे सल्ले देणाऱ्यांची एक तर गावात जमीन नसते, किंवा असते पण ती बघणारा काका अजून धडधाकट असतो.

माझं मत सरळ आहे. जमीन ज्या तालुक्यात, वकील त्या तालुक्यातला. आणि शक्यतो केस पांढरे झालेला. हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही, गेली दोन वर्षं शनिवार-रविवारला सुट्टी जोडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने हिंगोलीला खेपा घालून झालंय.

आमचं गाव सिद्धेश्वर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. औंढा लोकांना ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक असतं, सिद्धेश्वर ठाऊक असेल तर धरणामुळे. पूर्णा नदीवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. दोन्ही धरणं साठच्या दशकातली. (याच तालुक्यात लायगो-इंडिया होऊ घातलंय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनपेक्षाही बारीक फरक पडला तरी कळणार. आमच्या बांधाचा वाद मात्र तीस वर्षं कुणाला मोजता आलेला नाही. असो.)

तर आमचा प्रॉब्लेम. आजोबा गेले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. क्षेत्र २ हेक्टर ४३ आर. चुलतभावाने एक गिऱ्हाईक आणलं, गिऱ्हाइकाने मोजणी मागितली आणि मोजणीत जमीन भरली २ हेक्टर ११ आर. बत्तीस आर गायब! गुंठ्यांत धरा साधारण बत्तीसच. घरात लगेच ठरलं की शेजाऱ्याने बांध कोरला. भांडणाची तयारी झाली.

मी शहरी माणूस असल्यामुळे पुण्यातल्या एका वकिली ऑफिसात गेलो. नाव सांगत नाही. एसी, कॉफी, काचेचं केबिन. आठ पानांचं इंग्रजी मत मिळालं. त्यात म्हटलं होतं की जमीन कालव्यासाठी गेली असेल आणि मोबदला मिळाला नसेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २४(२) खाली जुनं संपादन रद्द झाल्याचा दावा करता येईल, आणि नव्या दराने मोबदला मागता येईल. चुलतभाऊ खूश. त्याने मनातल्या मनात चारचाकीही बुक केली असावी.

मग औंढ्याला एका वकिलांकडे गेलो. पस्तीस-एक वर्षांची वकिली, तहसीलपासून चालत पाच मिनिटांवर ऑफिस, लाकडी कपाटात दोरीने बांधलेले गठ्ठे, आणि कपाटांपेक्षा जुने वाटणारे मुनशी. त्यांनी आठ पानांतलं पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "शेतातून चारी जाते का?"

जाते. लहानपणी तिच्यात पोहलोय.

"किती साली खांदली?"

आजोबांच्या वेळी, म्हणजे पन्नास वर्षांच्या वर झाली.

"मग ताबा गेला ना लेकरा. ताबा गेला, पाणी वाहायलं, आता संपादन रद्द कुठून होतंय?" सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात हेच सांगितलंय. ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन रद्द होतं, एकच असून भागत नाही. ते त्यांना नाव-तारखेसकट पाठ होतं. पण खरं कौतुक मला पुढच्या वाक्याचं वाटलं. "तुमच्या शिवारात बऱ्याच गटांचं कमी-जास्त पत्रक झालंच नाही. झालं तर सातबाऱ्याला अंमल नाही दिला."

ही कमी-जास्त पत्रकाची भानगड मला तोवर माहीत नव्हती आणि आठ पानांतही नव्हती. सरकारने रस्त्याला, कालव्याला जमीन घेतली की भूमी अभिलेख खात्याने क्षेत्र किती कमी झालं याचं पत्रक करायचं आणि त्यावरून सातबारा दुरुस्त व्हायचा. ही साखळी मध्येच तुटली की कागदावर जमीन राहते, शेतात नसते. म्हणजे शेजाऱ्याने बांध वगैरे काही कोरला नव्हता. बत्तीस आर १९६० च्या दशकातच चारीखाली गेले होते.

यात आमचा फायदा काय झाला? आमची जमीन कमी झाली! पण २ हेक्टर ४३ आर म्हणून खरेदीखत केलं असतं तर उद्या त्या गिऱ्हाइकाने आम्हाला कोर्टात उभं केलं असतं. शिवाय एका निरपराध शेजाऱ्याशी तीन पिढ्यांचं वैर. पहिल्याच भेटीत "जमीन कमी आहे" असं अशिलाला तोंडावर सांगणारा वकील मला विकत घ्यायला आवडतो. (म्हणजे त्याचा वेळ विकत घ्यायला.)

पुण्याचे वकील ढ असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण मराठवाड्याचं रेकॉर्ड ही वेगळीच सिस्टीम आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचं राज्य, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य. जुने कागद उर्दूत, त्यावर फसली सन. फसलीत ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. १९५४-५५ चं खासरा पत्रक हा इथल्या जमिनीच्या अनेक वादांचा पाया. पश्चिम महाराष्ट्रातला वकील कूळकायदा म्हटलं की १९४८ चा मुंबईचा कायदा आणि ३२-ग धरून चालतो. इथे लागतो १९५० चा हैदराबाद कूळकायदा, त्यातलं ३८-ई. जमिनीला मदतमाश इनामाचा जुना शिक्का असेल तर १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा आणि परवानगीचं आणखी एक प्रकरण. त्यात हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी सगळं परभणी. म्हणजे एखाद्या १९६५ च्या निवाड्याची नक्कल कुठल्या गावच्या, कुठल्या कार्यालयाच्या, कुठल्या कपाटात आहे हे सांगणारं सर्च इंजिन अजून निघालेलं नाही. औंढ्यात ते मुनशींच्या रूपाने आहे. कंपनीत जुन्या कोडबद्दल जसं वीस वर्षं टिकलेल्या एखाद्या काकांनाच विचारावं लागतं, तसंच.

चॅटबॉटवाल्यांना एवढंच सांगतो की कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त होतो हे तो बरोबर सांगेल. आमचं प्रकरण लेखनप्रमादात बसतं की नाही हे मात्र त्याला कळणार नाही. कारण त्याला चारी दिसलेली नाही.

आता दुसरी बाजू. "गावातले सगळे सामील असतात" या वाक्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. तालुक्याला वकील मोजके. ज्याच्याविरुद्ध तुमचा वाद, त्याच्या बहिणीच्या लग्नात तुमचा वकील जेवून आलेला असतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं की आमच्या चारी बाजूंच्या खातेदारांपैकी कुणाचं काम तुम्ही केलंय का. त्यांना राग आला नाही. एकाचं केलंय म्हणाले, कुठल्या साली आणि कशाचं तेही सांगितलं. असा प्रश्न विचारल्यावर जो वकील चिडतो त्याच्याकडून उठून यावं.

आणखी एका प्रकारच्या वकिलाकडून उठून यावं. "तहसीलमध्ये आपली माणसं आहेत, वर थोडं द्यावं लागेल, बाकी माझ्यावर सोडा." आपल्या पिढीला हे फार सोयीचं वाटतं, रजा वाचते ना! पण वारसाची नोंद हा काही उपकार नाही. अर्ज द्यायचा, तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नोंद धरायची, नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९, १५० मध्ये सगळं आहे. नोंद नामंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, मुदत साठ दिवस. अनुभवी वकिलाचे पैसे या साठ दिवसांसाठी द्यायचे. ओळखीने करून घेतलेली नोंद दुसऱ्याच्या ओळखीने फिरते, हे तर तहसीलच्या आवारातल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं.

टक्केवारीचंही तेच. "मोबदला मिळाला की दहा टक्के द्या" असं कुणी म्हटलं तर स्वस्तात पडलं असं समजू नका. निकालात हिस्सा ठेवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना बंदी आहे. फी आधी ठरवा. सल्ल्याचे किती, अर्जाचे किती, दर तारखेचे किती. मी हे कागदावर लिहून मागितलं तेव्हा मुनशी हसले, "आयटीवाले दिसता." पण दिलं लिहून. मूळ कागद माझ्याकडे, त्यांच्याकडे झेरॉक्स. कोऱ्या स्टँपवर सही नाही, सगळे अधिकार देणारं मुखत्यारपत्र कुणालाच नाही, अगदी चुलतभावालाही नाही. दिवाणी दावा झालाच तर त्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर घेऊन ई-कोर्ट्सवर तारखा स्वतः बघायच्या.

आता आत्यांचं. मला दोन आत्या आहेत. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की त्या हक्कसोडपत्रावर सही करतील. करायचीच असते, तशी पद्धत आहे, त्यांच्या लग्नात खर्च केला होता वगैरे वगैरे. वकीलसाहेबांनी वंशावळ लिहून घेतली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "यांना मी भेटल्याशिवाय कागद करत नसतो. आणि भेटताना तुम्ही कुणी नसायचं."

चुलतभाऊ तिथेच उखडला. पण साहेब हलले नाहीत. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ मध्येच हक्क दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि हा हक्क जन्माने आहे, त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असायची अट नाही, हे विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलं. हे सगळं त्यांनी चुलतभावाला समजेल अशा भाषेत सांगितलं. आत्यांना वेगळा वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तो फुकट मिळतो, हेही त्यांना भेटीत सांगितलं. फी आम्ही देतोय आणि हा माणूस समोरच्या बाजूला वकील सुचवतोय! चुलतभावाचा शब्द होता, "फितूर".

मला वाटतं याहून पक्का बंदोबस्त कुणी केला नसता. दडपून घेतलेलं हक्कसोडपत्र पुढे दहा वर्षांनी आत्याच्या मुलाने कोर्टात नेलं असतं. पण हिशेब सोडा. आत्याने चाळीस वर्षं दर दिवाळीला त्या शेतातून ज्वारीचं एक पोतं आणि एक साडी नेली, आणि तिला कधी कुणी विचारलं नव्हतं की बाई तुला काय पाहिजे. हा प्रश्न तिला पहिल्यांदा एका काळ्या कोटातल्या परक्या माणसाने विचारला. धाकट्या आत्याने सही केली, स्वतःहून. थोरलीने नाही केली. ती मला फोनवर म्हणाली, "माझं नाव लागू दे रे सातबाऱ्याला. मला विकायचं नाही काही. नुसतं नाव पाहिजे."

नाव लागलं. चुलतभाऊ तिच्याशी बोलत नाही, माझ्याशी कामापुरतं बोलतो. गिऱ्हाईक थांबलंय, कारण क्षेत्रदुरुस्तीचा अर्ज अजून चालू आहे. परभणीहून निवाड्याची नक्कल आली, त्यात आजोबांच्या नावापुढे मोबदल्याचा आकडा आणि त्यांचा अंगठा आहे. म्हणजे पैसेही घेतलेले होते. काय केलं त्यांनी त्या पैशांचं, घरात कुणालाच माहीत नाही.

तुमचंही असं काही पडून असेल आणि तालुक्याला वकील बघायला जाणार असाल, तर तहसीलच्या दिवशी सकाळी अकराला जा आणि तासभर नुसते बसा. कोण कुणाला शोधत येतंय ते दिसतं. हरलेल्या अशिलांशीही बोला, त्यांचा वकील शेवटच्या तारखेपर्यंत उभा राहिला का ते विचारा. मे महिन्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी असते, वकील जरा निवांत सापडतात. फक्त ऊन मराठवाड्याचं आहे, टोपी न्या.