मराठी ‘जर’ने काय सुटेल?

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून मराठी माध्यमातून शिकून आलेले विद्यार्थी प्रोग्रॅमिंगमध्ये अडखळतात, तेव्हा त्यावर दोन मते मांडली जातात. एका पक्षाच्या मते सिंटॅक्स, म्हणजे आज्ञा लिहिण्याची नियमबद्ध मांडणी, हा वरवरचा पोशाख असून खरे कौशल्य तर्कात असते. दुसऱ्या पक्षाला, विशेषतः अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकवण्यास मुभा दिल्यानंतर, इंग्रजी शब्द मराठी केले की काम भागेल असे वाटते.

पहिले मत प्रयोगापुढे टिकत नाही. अँड्रियस स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांच्या २०१३ मधील अभ्यासात पर्ल व जावाच्या धर्तीची मांडणी वापरणाऱ्या नवशिक्यांची अचूकता, जिची चिन्हे मुद्दाम यदृच्छया निवडली होती अशा भाषेपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाही. पायथन, रुबी आणि क्वोरम या भाषांची मात्र ठरली. पोशाखच बदलल्याने इतका फरक पडत असेल, तर त्याला वरवरचा म्हणणे धाडसाचेच.

दुसरे मत अधिक लोभस आहे, पण पायथनचे राखीव शब्द, म्हणजे भाषेने अर्थ ठरवून दिलेले इंग्रजी शब्द, अवघे ३५. ते सरावाने अंगवळणी पडतात; अडचण चिन्हांत असते. सी भाषेत एक ‘=’ किंमत ठेवतो आणि ‘==’ तुलना करतो; अटीत पहिले चिन्ह चुकून पडले तरी प्रोग्रॅम बहुधा निमूटपणे चालतो व चुकीचे उत्तर देतो. राहून गेलेल्या अर्धविरामाची तक्रार कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, अनेकदा पुढच्या ओळीवर नोंदवतो. ‘इफ’ऐवजी ‘जर’ लिहिले तरी यातले काहीच सुटत नाही.

मराठीचे खरे स्थान नावांत आणि चूकसंदेशांत आहे. पायथन ३ मध्ये २००८ पासून ‘एकूण_पाऊस’ असे चलाचे, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेचे, नाव चालते. तयार फंक्शनांची नावे रोमनच असल्याने कळफलक सतत बदलावा लागतो, ही कटकट खरी, पण कोड वाचणाऱ्याला हेतू तत्काळ कळतो. पायथन ३.१० ने २०२१ मध्ये उघडा राहिलेला कंस नेमका दाखवण्यास सुरुवात केली. असे संदेश मराठीत आणण्यासाठी भाषेचे व्याकरण बदलावे लागत नाही. मांडणी ठरवताना दृष्टिहीनांचा विचारही करावा लागतो: समासातील मोकळ्या जागेने गट दाखवणारी पायथनची रीत डोळ्याला सोपी असली तरी पडदावाचकाला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, ती जागा मोजून सांगावी लागते, तर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी घडवलेली क्वोरम प्रत्येक गट ‘एंड’ या उच्चारता येणाऱ्या शब्दाने बंद करते. परीक्षेत कागदावर हाताने प्रोग्रॅम लिहून घेण्याची प्रथा मात्र या सर्व सोयी एकदमच काढून घेते, कारण कागद चूक दाखवत नाही आणि परीक्षक अर्धविरामाचे गुण कापतो.