टाळ्यांत बुडालेलं गाणं

दोस्तांनो, सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या घरी म्हणे रोज संध्याकाळी भांडण. दादा बीटल्सची गाणी लावतो आणि बाबा आतून ओरडतात, ''बंद कर तो धांगडधिंगा! ऐकायचंच असेल तर बीथोवन ऐक, लिस्ट ऐक. ते खरं संगीत!'' पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, ''या दोघांत बरोबर कोण?''

आता बापलेकांच्या भांडणात मी कशाला पडू? पण बाबांना एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. धांगडधिंगा काही रॉकवाल्यांनी सुरू केला नाही. त्यांच्या आधी शंभराहून अधिक वर्षं तो पियानोच्या मैफलीत झाला होता, आणि तोसुद्धा बाबांच्या त्या लिस्टपायी!

फ्रान्झ लिस्ट १८११ साली त्या वेळच्या हंगेरीत जन्मला. वीस वर्षांचा असताना पॅरिसमध्ये त्यानं पागानिनीचं व्हायोलिन ऐकलं आणि तो वेडाच झाला. हा माणूस व्हायोलिनवर जे करतो ते मी पियानोवर करून दाखवीन, असं त्यानं मनाशी ठरवलं. मग रोज चार-पाच तास नुसते बोटांचे पलटे! पुढे तो युरोपभर फिरू लागला तेव्हा लोकांनी असा वादक कधी पाहिलाच नव्हता. समोर कागद नाही, सोबतीला दुसरा कलाकार नाही, सगळी मैफल एकट्याची. पियानोही त्यानं मुद्दाम आडवा लावला, म्हणजे श्रोत्यांना त्याचा चेहरा नि हात दिसावेत. (होता थोडा नखरेल, त्याला काय करणार!)

१८४१-४२च्या हिवाळ्यात तो बर्लिनला गेला आणि शहराचं डोकंच फिरलं. त्याच्या हातमोज्यांसाठी, रुमालांसाठी बायकांची झटापट व्हायची. पियानोची तुटलेली तार मिळाली तर कुणी तिचं कंकण करून हातात घालायचं. निघाला तेव्हा सहा पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून, एखाद्या राजासारखा. हाइनरिश हाइने या जर्मन कवीनं या वेडाला १८४४ साली नावच देऊन टाकलं, 'लिस्टोमानिया'. १९६३ साली ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांना 'बीटलमानिया' हा शब्द सुचला, त्याच्या जवळजवळ एकशेवीस वर्षं आधी!

आता दादाच्या बीटल्सकडे येऊ. तीही रियाझातूनच वर आलेली पोरं, बरं का. १९६० साली लिव्हरपूलहून ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेली तेव्हा जॉर्ज हॅरिसन अवघा सतरा वर्षांचा होता. तिथल्या क्लबांत रोज रात्री तासन् तास वाजवायचं, घसा बसला तरी गायचं. तयारी झाली ती तिथं. (ड्रमवाला रिंगो स्टार त्यांच्यात आला तो मात्र १९६२ साली.)

मग नाव झालं, आणि नाव झाल्यावर एक भलतीच अडचण उभी राहिली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांना ऐकायला पंचावन्न हजारांवर माणसं जमली. 'ऐकायला' म्हणायचं इतकंच! चौघे आले तशा किंकाळ्या सुरू झाल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. बेसबॉलचं मैदान ते. गाणं पोचवायला घोषणा करायचेच कर्णे. श्रोत्यांचं सोडा, वाजवणाऱ्यांनाही स्वतःचं गाणं ऐकू येईना. रिंगोनं पुढे सांगितलंय की अशा वेळी तो पाठमोऱ्या मित्रांच्या हालचाली बघायचा आणि गाणं कुठवर आलंय त्याचा अंदाज घेऊन ताल धरायचा.

हे वाचलं की मला व्हिएन्नामधली ७ मे १८२४ची संध्याकाळ आठवते. बीथोवनची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजत होती. स्वतः बीथोवन मंचावर उभा राहून हातानं लय दाखवत होता, पण त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. वादकांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्याच्याकडे बघू नका, दुसऱ्या संचालकाकडे बघा. टाळ्यांचा कडकडाट झाला तरी हा आपला श्रोत्यांकडे पाठ करून उभा. शेवटी कॅरोलिन उंगर या गायिकेनं त्याला हलकेच वळवलं, तेव्हा कुठे त्याला हलणारे हात दिसले. बीथोवनच्या कानांनी दगा दिला होता, रिंगोचे कान ठणठणीत होते. पण दोघांनाही आपलंच संगीत डोळ्यांनी ओळखावं लागलं.

बीथोवनला इलाज नव्हता. लिस्टला आणि बीटल्सना होता. कीर्तीच्या शिखरावर, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८४७ साली लिस्टनं पैसे घेऊन मैफली करणंच सोडलं आणि वायमार गावी जाऊन तो रचना करत बसला. बीटल्सनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत केला. चौघांतला सगळ्यात मोठा रिंगो, तोही तेव्हा सव्वीसचा! लोकांना वाटलं, संपले आता हे.

संपले कुठले? लिस्टनं वायमारमध्ये आपला बी मायनर सोनाटा लिहिला, न थांबता अर्धा तास चालणारा. तो ऐकून क्लारा शूमान या नामवंत पियानोवादिकेनं रोजनिशीत काय लिहावं? हा नुसता गोंगाट आहे! (बाबांना हे वाक्य नक्की वाचून दाखव.)

बीटल्स लंडनच्या स्टुडिओत शिरले. तिथं किंकाळ्या नव्हत्या, आणि हवा तेवढा वेळ होता. पॉल मॅकार्टनीनं टीव्हीवर बाखची एक रचना ऐकली. तिच्यातला छोट्या ट्रम्पेटचा लखलखीत स्वर त्याच्या मनात भरला. त्यानं त्या वादकालाच बोलावून घेतलं आणि १९६७च्या जानेवारीत 'पेनी लेन' गाण्यात तो ट्रम्पेट वाजला. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका गाण्यासाठी चाळीस वादकांचा ताफा बसवला आणि प्रत्येकाला सांगितलं, वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून चढत चढत वर जा!

जॉर्ज हॅरिसन तर १९६६च्या सप्टेंबरात थेट मुंबईला आला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. पुढे १९७१ साली बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी या दोघांनी न्यूयॉर्कला मोठा कार्यक्रम केला. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्यं जुळवली आणि ते थांबले. लगेच टाळ्यांचा कडकडाट! रविशंकर हसून म्हणाले, जुळवणीच इतकी आवडली असेल तर आता वाजवू तेही आवडेल अशी आशा आहे.

तर मैत्रिणी, आज संध्याकाळी 'पेनी लेन' लाव आणि बाबांना जवळ बसव. ट्रम्पेट आला की विचार, हा कुणाच्या घरून आणलाय? काय म्हणाले ते मला कळव बरं का!