अर्धवेळ ग्रीक

ग्रीक विद्येचे अध्यापकपद अर्धवेळ असावे असे म्हणणारे लोक विद्येचे वैरी नसतात. विद्यार्थी थोडे, भाषांतरे मुबलक, पैसा तुटपुंजा. तेव्हा आठवड्यातील काही तासांपुरता अध्यापक नेमला तर निदान विषय तरी जिवंत राहील, असा त्यांचा समंजस दिसणारा युक्तिवाद असतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत तो इतका रूढ झाला आहे की विरोध करणारा अव्यवहारी ठरावा. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की अर्धे पद हे पूर्ण पदाचा अर्धा भाग असते. वस्तुतः तसे ते नसते.

अमेरिकेत ज्याला ॲडजंक्ट म्हणतात त्या अध्यापकाला सामान्यतः प्रत्येक अभ्यासक्रमामागे ठरावीक रक्कम मिळते आणि त्याची नेमणूक बहुधा सत्रापुरती असते. संशोधनाचा वेळ त्यात धरलेला नसतो. त्याच्या वाट्याला बहुशः प्राथमिक व्याकरण येते: लिपी, नामांची रूपे, क्रियापदांचे काळ. हे काम हलके नव्हे; आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. पण ज्याला रूपे पाठ झाली त्याला पुढे सोफोक्लीझ वाचायचा असतो, आणि तो वर्ग निघेल की नाही हे शिक्षकालाच ठाऊक नसते. भाषा अशी उंबरठ्यावर ठेवून घर चालू असल्याचा देखावा तेवढा उभा राहतो.

भाषांतरे आहेत, मग मूळ कशाला, या आक्षेपाचे उत्तर मराठी समीक्षेनेच देऊन ठेवले आहे. ‘कॅथार्सिस’ हा शब्द ॲरिस्टॉटल ‘पोएटिक्स’च्या सहाव्या प्रकरणातील व्याख्येत वापरतो आणि खुलासा न करता पुढे जातो. याकोब बेर्नाइस यांनी १८५७ मध्ये त्याचा वैद्यकीय अर्थ आग्रहाने मांडला. बुचर यांच्या १८९५ च्या इंग्रजी भाषांतरातही तोच अर्थ आहे. आपल्याकडे ‘विरेचन’ रुळले. १९५७ मध्ये जेराल्ड एल्स यांनी मूळ वाक्याची फेरमांडणी करून असे प्रतिपादन केले की, हे शुद्धीकरण प्रेक्षकाच्या मनाचे नसून कथानकातील कृत्याचे आहे. त्याच वर्षी विंदा करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ प्रसिद्ध झाले. इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपले काम केले. ग्रीक वाचून त्यापुढे जाण्याचे काम मात्र आमच्या मराठी विभागांनी कधी आपले मानले नाही. एल्स यांचे म्हणणे पटो न पटो, ते तपासण्याची शक्तीच आमच्यापाशी नव्हती. परिणामी परीक्षेत ‘विरेचन’ ही जणू ॲरिस्टॉटलचीच संज्ञा असल्याप्रमाणे तिच्यावर टिपा लिहून घेतल्या जातात.

हाच शब्द सतराव्या प्रकरणात पुन्हा येतो, आणि तेथे तो ओरेस्टीझच्या धार्मिक शुद्धीसाठी योजलेला आहे. संदर्भ आहे युरिपिडीझच्या टॉरिसमधील इफिजिनायाच्या नाटकाचा. हे नाटक सुखान्त आहे. बहीण भावाला वेळीच ओळखते आणि अनर्थ टळतो. चौदाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल अशाच रचनेला श्रेष्ठ मानतो, तेराव्यात मात्र दुःखान्त रचनेला. ही विसंगती खरी की भासमान, यावर अभ्यासकांचा खल अजून चालू आहे. आमच्या ‘शोकात्मिका’ या पारिभाषिक शब्दात या वादाला जागाच उरत नाही. असले प्रश्न तासिकांच्या हिशेबात बसत नाहीत. ते संहिता वर्षानुवर्षे उशाशी असल्यावर पडतात.

यावर कोणी बेर्नाइस यांचेच उदाहरण पुढे करील. ते यहुदी होते, धर्मांतराला त्यांनी नकार दिला, म्हणून प्रशियात त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले नाही. तरी त्यांच्या हातून युगप्रवर्तक निबंध लिहून झालाच ना? झाला खरा, पण ब्रेस्लाउ येथील यहुदी धर्मशास्त्र विद्यालयाने त्यांना अभिजात भाषांच्या अध्यापनाची स्थिर जागा दिली होती. विद्यापीठाने नाकारलेला आधार दुसऱ्या संस्थेने दिला, एवढेच या उदाहरणावरून सिद्ध होते.

आता वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाकडे पाहू. कृष्णवर्णीयांच्या या विद्यापीठात १८६७ पासून अभिजात विद्यांचे अध्यापन होत आले. तेथे दीर्घकाळ शिकवणाऱ्या फ्रँक स्नोडेन यांचा ‘ब्लॅक्स इन अँटिक्विटी’ हा ग्रंथ १९७० मध्ये निघाला. ग्रीक-रोमन जगाने इथिओपियनांकडे कसे पाहिले, हा प्रश्न त्यांनी मूळ ग्रंथ आणि शिल्पे तपासून मांडला. २०२१ मध्ये विद्यापीठाने हा विभाग विसर्जित करण्याचे ठरवले आणि काही अभ्यासक्रम इतर विभागांतून चालू राहतील अशी ग्वाही दिली. अभ्यासक्रम चालू राहतीलही. त्यातून दुसरे स्नोडेन निघतील का, हे विचारण्याची पद्धत प्रशासनात नसते.

पूर्णवेळ अध्यासने निर्मळ असतात असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील कोरायस अध्यासन १९१९ मध्ये तेथील ग्रीक समाजाच्या देणग्यांतून उभे राहिले. पहिले प्राध्यापक आर्नल्ड टॉयन्बी यांनी १९२१ मध्ये आशिया मायनरमधील युद्ध पाहिले, ग्रीक सैन्याच्या अत्याचारांविषयी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये लिहिले, देणगीदार खवळले आणि १९२४ मध्ये टॉयन्बींना पद सोडावे लागले. मात्र त्यांना राजीनामा तरी द्यावा लागला, वाद जाहीर झाला, पुढे त्यावर ग्रंथही निघाला. अर्धवेळ अध्यापकाच्या बाबतीत इतकाही गाजावाजा होत नाही. पुढल्या सत्रात त्याला बोलावणे येत नाही, आणि वेळापत्रकात ग्रीकच्या जागी दुसरे काहीतरी छापलेले असते.