औट्रमच्या नावाचे अभयारण्य आणि हंगाम नसलेली जनावरे

१/
चाळीसगावहून कन्नडकडे जाताना लागणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. त्या परिसरातील रानाला १९८६ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याचे नाव पडले गौताळा औट्रमघाट अभयारण्य. ज्याचे नाव या अभयारण्याला मिळाले, तो जेम्स औट्रम खानदेशातील १९१ वाघांच्या शिकारीत स्वतः सहभागी होता.

२/
ही विसंगती हसून सोडून देण्याजोगी नाही. कोणते जनावर राखावे, कोणते मारावे आणि हे कोणी ठरवावे, या प्रश्नाची दोनशे वर्षांतली उत्तरे त्या एका नावाभोवती गोळा झाली आहेत. ‘माझ्या शेतात शिरलेले जनावर मारण्याचा हक्क मला हवा’ ही मागणी आजही होते. ती मान्य करण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी जुनी उत्तरे तपासणे अगत्याचे आहे.

३/
सुरुवात ओसाड गावांपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकर-शिंद्यांचा संघर्ष, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पाठोपाठ पेंढाऱ्यांच्या धाडी यांनी खानदेश उजाड झाला. कुळे परागंदा झाली, शेतांत झुडपे माजली. गावांच्या पांढरीपर्यंत रान आले आणि रानाबरोबर वाघही आला.

४/
१८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यातून कारभार सुरू केला. नव्या सरकारला हवा होता शेतसारा. सारा हवा तर नांगर हवा, नांगराला बैल हवा, आणि बैल व कूळ दोन्ही निर्धास्त हवेत. वाघ मारणाऱ्यास बक्षीस देण्यामागचा हिशेब हा असा महसुली होता.

५/
त्याच काळात बक्षिसांची आणखी एक यादी होती. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील बंडखोर भिल्ल नाईकांना पकडून देणाऱ्यांसाठीही इनामे जाहीर होत. एकाच कचेरीतून, एकाच हेतूने, माणूस आणि जनावर या दोघांवर ‘उपद्रवी’ असा शिक्का उमटत होता. हा शब्द प्राणिशास्त्रातला नव्हे; तो कारभाराचा आहे.

६/
१८२५ मध्ये औट्रम खानदेशात आला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच्याकडे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम होते आणि या पलटणीचे ठाणे पुढे धरणगावात होते. केवळ बंदुकीच्या धाकाने भिल्ल वश होत नाहीत, हे सरकारला तोवर कळून चुकले होते. औट्रमने भिल्लांना सोबत घेऊन वाघाची शिकार सुरू केली आणि त्यांचा विश्वास मिळवला.

७/
१८२५ ते १८३४ या दहा वर्षांतले ते १९१ वाघ म्हणूनच निव्वळ साहेबी शौकाचा आकडा ठरत नाहीत. त्या शिकारीत राज्यकारभार होता. रानाची वाट भिल्लाला ठाऊक, बंदूक साहेबाची, आणि साफ झालेली जमीन साऱ्याखाली. सातपुड्यातल्या ज्या समाजांत वाघदेव पुजला जातो, त्यांच्याच माणसांच्या मदतीने वाघांचे उच्चाटन झाले.

८/
येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावी लागते. त्या काळच्या खानदेशी कुणब्याला वाघाचे भय खरे होते. ज्याचा बैल गेला त्याचा हंगाम गेला. वाघ मेल्यावर गावाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्यात क्रौर्य शोधणे हा आजच्या सुरक्षित वाचकाचा अन्याय ठरेल. प्रश्न त्या निःश्वासाचा नाही, त्यावर उभारलेल्या धोरणाचा आहे.

९/
कारण गरज सरली तरी धोरण थांबले नाही. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडलेला हिशेब असा: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसांसाठी मारले गेले. आणि हे केवळ नोंदले गेलेले आकडे.

१०/
याच काळाच्या उत्तरार्धात कायद्याने एक विलक्षण भेद केला. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात काही प्राण्यांसाठी ‘बंद हंगाम’ आला. यादीत हरणे होती, काळवीट-चिंकाऱ्यांचे कूळ होते, गवे, रानरेडे आणि ससेही होते. वाघ, बिबट्या, लांडगा, कोल्हा यांना त्या यादीत जागा नव्हती.

११/
अर्थ सरळ होता. हरणाला हंगाम होता, कारण ते साहेबाच्या शिकारीसाठी शिल्लक राहायला हवे होते. लांडग्याला हंगाम नव्हता, कारण तो त्याच हरणाचा दुसरा वाटेकरी होता आणि मेंढपाळाचाही वैरी. पहिल्याचे रक्षण आणि दुसऱ्याचा संहार ही एकाच विचाराची दोन टोके होती.

१२/
हा विचार खानदेशापुरता नव्हता. अमेरिकेत कायोटी नावाचे जनावर आहे, कोल्ह्याहून थोडे मोठे, लांडग्याचे भाईबंद. तेथे हरणांच्या शिकारीचा हंगाम ठरलेला असतो. तो संपला की जमीनमालकाच्या परवानगीने खासगी रानात कायोटीची शिकार सुरू होते. अनेक राज्यांत तर ती वर्षभर चालते. हरणाला हंगाम आणि भक्षकाला नाही, हा तोच १९१२ चा भेद.

१३/
तेथील फलित बोधप्रद आहे. १९१५ पासून अमेरिकी संघराज्याने भक्षक मारण्यासाठी पैसा पुरवला, १९३१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. लांडगा बहुतेक प्रदेशांतून नाहीसा झाला. कायोटी मात्र संपला नाही. लांडग्याच्या रिकाम्या जागेत शिरून तो पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. मोठा भक्षक हटवला की पोकळी राहत नाही, तिथे दुसरे कोणी येते.

१४/
खानदेशातील पोकळीत कोण आले, हे मक्याच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात रात्र काढणाऱ्याला विचारावे. रानडुक्कर आले, नीलगाय आली. त्यांच्या वाढीला एकच कारण नाही. पाटाचे पाणी, ऊस-केळीची दाट लपण आणि तुटलेली राने यांचाही त्यात वाटा आहे. पण डुकराच्या पिलांवर जगणारा लांडगा आणि डुक्कर मारणारा वाघ उरले नाहीत, हे त्या कारणांतले एक ठळक कारण होय.

१५/
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जुना भेद मोडला. लांडगा आणि वाघ दोघेही आज पहिल्या अनुसूचीत आहेत. जमीन कोणाचीही असो, वन्य प्राणी जमीनमालकाचा होत नाही. सातबारा जमिनीवरचा हक्क सांगतो, त्या जमिनीवरून चालत जाणाऱ्या जनावरावरचा नाही.

१६/
तरीही कायदा शेतकऱ्याकडे पाठ फिरवत नाही. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि नीलगायीसाठी ही वाट अधिक सोपी केली. म्हणजे ‘कायदाच आडवा येतो’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग उशिराचा आहे: उशिरा होणारा पंचनामा, उशिरा मिळणारी परवानगी, उशिरा हाती येणारी भरपाई.

१७/
या उशिराची किंमत रान आणि गाव दोघेही मोजतात. वैतागलेला माणूस कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर लागते, तसा बिबट्याही लागतो आणि कधी शेजारचा शेतकरीही. प्रत्येक बांधावर मुक्त बंदूक आली, तर याहून वेगळे काही घडेल असे मानायला इतिहासात आधार सापडत नाही.

१८/
आणि खासगी जमीन म्हणजे केवळ संघर्षाचीच जागा, असेही नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोदा परिसरात पूर्णेच्या काठी केळीच्या बागांत वाघ वावरतात. तेथे माणसे भीतीने बागेत जातात, हे खरे. पण दोनशे वर्षांपूर्वी ज्या नांगरासाठी वाघ मारला गेला, त्याच नांगराखालच्या जमिनीत तो आसरा घेतो आहे, हेही तितकेच खरे.

१९/
मग उत्तर काय? शिकारीचे बक्षीस आणि शौकाची बंदूक पुन्हा आणणे हे उत्तर नव्हे. तो प्रयोग खानदेशात पूर्ण होऊन चुकला आहे. डुकराचा उपद्रव सिद्ध होताच मुदतीत परवानगी, पीक आणि गुरे गेल्यास मुदतीत भरपाई, आणि लांडगा-बिबट्याला हात न लावणे, हे उत्तर आहे. भक्षकाला राखण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी मारणे हाही अन्यायच आहे. साऱ्या समाजाला हवे असलेल्या वाघाचे मोल साऱ्या समाजाने भरावे.

२०/
मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या रानात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून आला होता. शेकडो किलोमीटरच्या त्या वाटेत अभयारण्ये थोडी आणि शेते फार. कोणाच्या तरी तुरीतून, कोणाच्या तरी कपाशीतून तो रात्री निघून गेला आणि कोणी त्याला मारले नाही. अनेक दशकांनंतर या रानात वाघ परतला, तो असा खासगी जमिनीच्या मेहेरबानीने.

२१/
औट्रमचे नाव पुसण्याची गरज नाही. पुसलेले नाव काहीच शिकवत नाही. त्या घाटातील फलकावर नावाखाली दोन आकडे मात्र लिहावेत. १९१, म्हणजे ज्या वाघांच्या मृत्यूला तो साक्षी होता ते. आणि २०२१, म्हणजे ज्या वर्षी एक वाघ स्वतःच्या पायांनी परत आला ते. त्या दोन आकड्यांमधले अंतर हाच खानदेशाच्या रानाचा इतिहास आहे.