चांदीचे पाणी नको, चालू दवाखाना हवा!

बॅटरीला चांदीच्या दोन तारा जोडा, पाण्यात सोडा आणि ते पाणी प्या. मधुमेह जाईल, क्षय जाईल, कर्करोगही जाईल. 'कोलॉयडल सिल्व्हर'चा हा घरगुती नुस्खा मोबाईलवरून फिरतो. 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत' ही त्याची ठरलेली पुस्ती. नगर जिल्ह्यातल्या आंबेडकरी तरुणांना आमचा सरळ सवाल आहे: पोथीत लिहिले म्हणून मानायचे नाही, हे आपण बुद्धाकडून आणि बाबासाहेबांकडून शिकलो. मग व्हिडिओत दाखवले म्हणून का मानायचे?

वीज वाहू लागली की धन टोकाच्या तारेतली चांदी पाण्यात उतरते, इथवर खरे आहे. पण किती उतरली हे घरी कोण मोजणार? बॅटरी, वेळ, पाण्यातले क्षार बदलले की प्रमाण बदलते. ज्याची मात्रा देणाऱ्यालाच माहीत नाही, त्याला औषध कसे म्हणायचे? चांदी जंतू मारते हेही खरे; भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीयुक्त मलम लावतात. पण जखमेवर लावणे वेगळे आणि पोटात घेणे वेगळे. शरीराला चांदीची गरज नाही. ती कातडीत साठते, कातडी निळी-राखाडी पडते आणि तो रंग सहसा जन्मभर जात नाही. अमेरिकेतले पॉल कॅरासन असेच घरी केलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायले. त्यांचा निळा चेहरा जगाने टीव्हीवर पाहिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच सांगून टाकले की अशी उत्पादने सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत. शिवाय चांदीमुळे काही प्रतिजैविके आणि थायरॉइडची गोळी अंगी नीट लागत नाही. म्हणजे खरे औषधही वाया!

यावर कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटत नाही, खाजगीत खिसा कापतात, गरिबाने जायचे कुठे? हा राग रास्त आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि बरे व्हायला आलेले कोरोना रुग्ण तिथेच गेले. आम्ही ते विसरलेलो नाही. पण या रागाचे उत्तर चांदीची तार असेल, तर सुटले कोण? सरकार सुटले! संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. आपण घरात बाटल्या भरत बसलो, तर त्या कर्तव्याचा जाब कोण विचारणार?

घरचे औषध कसे असावे, हे तर आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या बायांना, त्यात कित्येक निरक्षर, कित्येक दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. जुलाब झालेल्या लेकराला साखर-मीठ-पाणी मापात कसे द्यायचे, हे या बायांनी घरोघरी शिकवले. त्यात गुपित नव्हते. प्रमाण सगळ्यांना ठाऊक होते आणि दुखणे हाताबाहेर गेले की रुग्ण दवाखान्यात पोचवला जाई. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागले. याला आम्ही स्वावलंबन म्हणतो. चांदीचे पाणी ही बुवाबाजीच आहे, फक्त अंगाऱ्याच्या जागी बॅटरी आली.

मधुमेह, क्षय, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा-उपचार जाहिरातविरोधी केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तेव्हा असे औषध कुणी विकत असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. वस्तीतल्या रुग्णाला तिथे घेऊन जा. तिथे औषध नसेल, तर माहितीच्या अधिकारात साठ्याची नोंद मागा आणि ग्रामसभेत उभे राहून विचारा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे आपण म्हणतो. तो संघर्ष आपल्या आरोग्य केंद्राच्या दारात करू.

जयभीम!