विश्लेषण : दहा थाटांचा एकच बिलावल! व्हॉट्सॲपवर स्वरलिपी का मोडते?

ठाणे असो, डोंबिवली असो की कल्याण, गाण्याच्या क्लासचा बराचसा कारभार आता व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. संध्याकाळी शिकवलेली बंदिश रात्री ग्रुपवर येते. विद्यार्थी ती लोकलमध्ये वाचतात, घरी पेटीवर वाजवून पाहतात. मात्र टाइप केलेली स्वरलिपी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना तिच्यातली काही चिन्हे गळतात. स्वरलिपीत चिन्ह गळणे म्हणजे नुसती शुद्धलेखनाची चूक नव्हे. तिथे रागच बदलतो.

एका रेघेने काय बिघडते?

भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ. शुद्ध स्वराला काहीच चिन्ह नाही. भैरवी थाटात रे, ग, ध, नी या चारही स्वरांखाली रेघ असते. या रेघा पुसल्या की उरते साधे सा रे ग म प ध नी, म्हणजे बिलावल. भैरवाच्या दोन रेघा गेल्या तरी बिलावलच. कल्याण थाटाच्या मध्यमावरची एकुलती एक रेघ गेली तरी तेच (कल्याणकरांनी मनावर घेऊ नये). दहाच्या दहा थाटांची ही गत होते. जाणकार रागाचे नाव वाचून सावरून घेतो. प्रवेशिकेचा विद्यार्थी मात्र समोर दिसते तेच वाजवतो.

रेघ जाते कुठे?

संगणकावर ‘ग’ अधोरेखित केला तर ती रेघ अक्षराचा भाग नसते, ती वरून चढवलेली सजावट असते. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की सजावट मागे राहते. तिथे अक्षर ठळक, तिरके किंवा खोडलेले करता येते. अधोरेखनाची सोय नाही.

सप्तकाच्या टिंबांची कथा वेगळी. तार सप्तकासाठी वर टिंब हवे, म्हणून सगळे अनुस्वार देतात : सां, रें, गं. डोळ्यांना चालते, पण फोनच्या लेखी तो अनुस्वारच. मजकूर वाचून दाखवणारे ॲप तो नाकात उच्चारते. मंद्रासाठी खाली टिंब हवे, तिथे नुक्ता वापरतात : ध़, ऩी. तो कीबोर्डवर शोधावा लागतो.

तालाचे हाल तर विचारू नका. तीनतालाच्या सोळा मात्रा फोनच्या एका ओळीत मावत नाहीत. ओळ कुठेही तुटते आणि समेचे चिन्ह भलत्याच अक्षराखाली जाऊन बसते.

ही चिन्हे ठरली कधी?

छापखान्याच्या काळात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) पेशाने वकील. त्यांनी घराण्यांतल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिका’चे सहा भाग मराठीत काढले. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. पुस्तके काढण्यासाठी छापखानाही घातला.

दोघांच्या पद्धती मात्र जुळत नाहीत. भातखंडे पद्धतीत वरचे टिंब म्हणजे तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्राचे! पलुस्कर पद्धतीत तारासाठी स्वरावर उभी रेघ येते, जी भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यमाची. अर्धी मात्रा, पाव मात्रा यांनाही पलुस्करांकडे वेगवेगळी चिन्हे आहेत. लय त्यामुळे नेमकी कळते, पण खिळे जुळवणाऱ्याला काम वाढते. भातखंडे यांची चिन्हे मोजकी, आणि पुढे तीच जास्त रुळली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी विद्यार्थ्यांना आजही दोन्ही शिकाव्या लागतात.

पाश्चात्त्य संगीताने हे कसे सोडवले?

तिथे कारागीर धातूच्या पत्र्यावर पाच रेघा ओढून स्वरचिन्हे ठोकत. पुढे ते काम सॉफ्टवेअरकडे गेले. म्युझस्कोर, लिलिपाँड फुकट मिळतात. एका सॉफ्टवेअरमधले संगीत दुसऱ्यात नेण्यासाठी फाइलींचे सामाईक मानकही आहे. त्यामुळे २०२४ मध्ये ‘फिनाले’ या जुन्या सॉफ्टवेअरचा विकास थांबला, तरी संगीत दुसरीकडे नेण्याची वाट उरली. आपल्याकडे जुन्या देवनागरी फाँटमध्ये जुळवलेल्या पुस्तकाची फाइल आज उघडली, तर स्वरांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

मग उपाय काय?

तो युनिकोडच्या देवनागरी तक्त्यातच पडून आहे. वेदपठणाच्या स्वरांसाठी तिथे अक्षराखालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ ही दोन्ही चिन्हे आहेत. ग॒ म्हणजे कोमल गंधार, म॑ म्हणजे तीव्र मध्यम. ही सजावट नाही, मजकुराचाच भाग आहे. म्हणून कॉपी केले तरी टिकते, शोधताही येते. काही जण ती वापरतातही. अडचण एवढीच की रोजच्या मराठी कीबोर्डवर ती नाहीत.

तंत्रज्ञानाचा भाग इथे संपतो. कोणते चिन्ह कशासाठी, हे परीक्षा मंडळे आणि पुस्तकांच्या प्रकाशकांनी एकत्र बसून ठरवायला हवे. ते चार पानांचे काम आहे. ते झाले, तर कीबोर्ड बनवणे डोंबिवलीतल्या एखाद्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यालाही जमेल. हाताने लिहिलेल्या वहीचा फोटो पाठवण्याची आजची पळवाट सोपी आहे. पण फोटोतली बंदिश शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तोवर ग्रुपवर बंदिश टाकताना पहिल्या ओळीत अक्षरांत लिहावे : राग भैरव, रे-ध कोमल, भातखंडे पद्धत. रेघा गळल्या तरी ही ओळ गळत नाही.